मिली की मिलि, गिगा की गीगा: मापनाच्या उपसर्गांचे मूळ आणि मराठी लेखन

करवीरवाचक यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरातील एका मुद्रणालयात मुद्रितशोधनाचे काम करतो. आयटीआयचे विद्यार्थी आणि उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथील कारखान्यांत नव्याने कामाला लागणारी मुले यांच्यासाठी मराठीत लिहिलेली मापनाची एक पुस्तिका सध्या आमच्याकडे छपाईसाठी आली आहे. मजकूर उत्तम आहे, परंतु एककांच्या आधी लागणाऱ्या उपसर्गांचे लेखन पानागणिक बदलते. एका ठिकाणी ‘मिलिमीटर’ आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘मिलीमीटर’, तिसऱ्या ठिकाणी ‘मि.मी.’ आणि आकृतीखाली ‘मिमी’. ‘सेंटि’ आणि ‘सेंटी’, ‘गिगा’ आणि ‘गीगा’, ‘नॅनो’ आणि ‘नानो’ अशा जोड्याही आहेत, तर ‘किलो मीटर’ कधी जोडून तर कधी तोडून लिहिला आहे. लेखकांना विचारले असता, कोणतेही एक रूप घ्या पण सर्वत्र तेच ठेवा, असे त्यांनी सांगितले. एकवाक्यता राखणे हे माझे कामच आहे. मात्र कोणते रूप ठेवावे याला काही आधार हवा, असे मला मनापासून वाटते, कारण ही पुस्तिका हातात घेणारी मुले पुढे वर्षानुवर्षे तसेच लिहिणार आहेत.

म्हणून येथील जाणकारांना विचारतो. हे उपसर्ग मुळात कोणत्या भाषांतून आले? इतर भाषा त्यांचे लेखन आपापल्या पद्धतीने बदलतात, की सर्वत्र एकच रूप ठेवतात? आणि मराठीत ऱ्हस्व-दीर्घ ठरवताना मूळ शब्दाकडे पाहायचे, इंग्रजी उच्चाराकडे पाहायचे, की मराठी लेखननियमांकडे?

मूळशोध यांचे उत्तर

करवीरवाचक, आधी मुळाकडे जाऊ, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेथेच मिळते.

ही व्यवस्था क्रांतीनंतरच्या फ्रान्समध्ये जन्मली. ७ एप्रिल १७९५ रोजी झालेल्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम ही एकके आणि त्यांच्या आधी लावायचे उपसर्ग ठरले. योजना साधी होती: एककाच्या पटींसाठी ग्रीक शब्द आणि एककाच्या अंशांसाठी लॅटिन शब्द. ग्रीकमधून दहासाठी डेका, शंभरासाठी हेक्टो, हजारासाठी किलो आणि दहा हजारांसाठी मिरिया. लॅटिनमधून दशांशासाठी डेसी, शतांशासाठी सेंटी आणि सहस्रांशासाठी मिली. यांपैकी मिरिया पुढे मागे पडला आणि १९६० साली आंतरराष्ट्रीय एककपद्धती ठरली तेव्हा त्याला जागा मिळाली नाही. आपल्या परंपरेत दहा हजारांना ‘अयुत’ हे स्वतंत्र नाव होते, तेही असेच व्यवहारातून गेले.

आता लक्ष देण्यासारखी गोष्ट. हे शब्द आपल्याला परके वाटतात, पण त्यांची कुळे आपल्या भाषेच्या कुळापासून दूर नाहीत. ग्रीक ‘डेका’ आणि लॅटिन ‘डेकेम्’ हे संस्कृत ‘दश’चे सख्खे भाऊबंद आहेत. लॅटिन ‘केन्टुम्’ आणि ग्रीक ‘हेकातोन्’ यांतील ‘कातोन्’ हा अंश, दोन्ही ‘शत’शी जुळतात, ‘हेकातोन्’मधील सुरुवातीचा ‘हे’ म्हणजे एक, म्हणून पूर्ण शब्दाचा अर्थ एकशे. तसेच ‘सहस्र’ या शब्दातील ‘स’ म्हणजे एक आणि ‘हस्र’ म्हणजे हजार असे भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि त्या ‘हस्र’चा ग्रीक नातेवाईक म्हणजे ‘खिलिओइ’, ज्यापासून फ्रेंचांनी ‘किलो’ घडवला. आपण मराठीत बोलताना वापरतो तो ‘हजार’ हा शब्द फारसीतून आला असला, तरी तोही याच ‘सहस्र’च्या इराणी रूपातून आला आहे. त्यामुळे ‘एक हजार किलो’ असे म्हणताना एकाच प्राचीन शब्दाची दोन रूपे आपण शेजारी शेजारी ठेवत असतो. ‘क्विंटल’ची कथाही ऐकण्यासारखी आहे: आपल्या मार्केट यार्डात गुळाचा भाव ज्या मापाने पुकारला जातो ते माप लॅटिनमधील शंभराच्या शब्दापासून निघाले, ग्रीकमार्गे अरबीत ‘किन्तार’ झाले, तेथून युरोपात परतले आणि नंतर आपल्याकडे आले.

लेखनाच्या दृष्टीने ‘किलो’ हे फार बोलके उदाहरण आहे. प्राचीन ग्रीकमध्ये त्या शब्दाचे पहिले अक्षर महाप्राण ‘ख’ होते. फ्रेंचांनी ते साध्या ‘क’ने लिहिले आणि शब्दाचा मधला भागही छाटला, ‘हेकातोन्’चे ‘हेक्टो’ करतानाही अशीच काटछाट झाली. म्हणजे हे उपसर्ग जन्मापासूनच व्युत्पत्तीशी तंतोतंत जुळणारे नाहीत. ते घडवलेले शब्द आहेत. म्हणूनच मूळ ग्रीकमध्ये ऱ्हस्व आहे की दीर्घ हे पाहून मराठीत वेलांटी ठरवणे मला योग्य वाटत नाही.

पुढचे उपसर्ग गरजेनुसार येत गेले. विद्युत मापनासाठी ब्रिटिश असोसिएशनने १८७३ साली मेगा आणि मायक्रो सुचवले. पहिला ग्रीक ‘मोठा’ या अर्थाचा, आपल्या ‘महा’शी नाते असलेला, आणि दुसरा ‘लहान’ या अर्थाचा. १९६० साली वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने गिगा, टेरा, नॅनो आणि पिको यांना मान्यता दिली. गिगा म्हणजे महाकाय, टेरा म्हणजे अक्राळविक्राळ प्राणी, नॅनो म्हणजे बुटका, तर पिको स्पॅनिशमधून आला. १९६४ साली आलेले फेम्टो आणि ॲटो चक्क डॅनिश आहेत: ‘फेम्तेन’ म्हणजे पंधरा आणि ‘अतेन’ म्हणजे अठरा, कारण ते दहाचा उणे पंधरावा आणि उणे अठरावा घात दाखवतात.

त्यानंतर मात्र राक्षस आणि बुटके संपले आणि अंक सुरू झाले. १९७५चा पेटा म्हणजे ग्रीक पाच, ‘पेंटा’मधील अनुनासिक गाळून, एक्सा म्हणजे ग्रीक सहा, ‘हेक्सा’मधील ‘ह’ गाळून. पाच आणि सहा अशासाठी, की ते हजाराचा पाचवा आणि सहावा घात आहेत. १९९१ साली सातवरून झेटा आणि झेप्टो, आठवरून योटा आणि योक्टो आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये रोना, रोंटो, क्वेटा आणि क्वेक्टो आले, ज्यांत नऊ आणि दहा यांचे ग्रीक-लॅटिन शब्द अगदी सैलपणे डोकावतात. पृथ्वीचे वस्तुमान आता सुमारे सहा रोनाग्रॅम असे लिहिता येते. पंच, षट्, सप्त, अष्ट, नव, दश ही आपली माळ डोळ्यांसमोर ठेवली, तर पेटापासून क्वेटापर्यंतचा क्रम मराठी मुलांना पाठ करावा लागणार नाही, तो समजेल. तुमच्या पुस्तिकेत एवढा एक परिच्छेद घालता आला तर लेखकांना अवश्य सुचवा.

मायमराठी यांचा प्रतिसाद

मूळशोध सरांची माहिती वाचून आनंद झाला, आणि त्याच आनंदातून एक शंका मांडते. नाते जर इतके जवळचे आहे, तर आपण सरळ ‘सहस्रमीटर’, ‘शतांशमीटर’, ‘सहस्रांशग्रॅम’ असे का लिहू नये? आपल्याकडे भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे आहेत. एवढी समृद्ध परंपरा असताना मुलांना डॅनिश पंधरा आणि अठरा शिकवावेत, हे मनाला पटत नाही.

मूळशोध यांचे उत्तर

ताई, तुमच्या भावनेशी मी सहमत आहे, आणि चिनी भाषेने तुम्ही म्हणता तसे प्रत्यक्ष केले आहे. तेथे किलोच्या जागी ‘हजार’ या अर्थाचे आणि मिलीच्या जागी जुन्या चिनी दशांश मापांतले नाव वापरतात. परंतु त्यातून उद्भवलेली एक अडचणही पाहा. मेगासाठी चीनमध्ये जे चिन्ह वापरले जाते, तेच जपानमध्ये दहाच्या बाराव्या घातासाठी वापरतात. म्हणजे एकच लिपीचिन्ह दोन शेजारी देशांत दहा लाख पटींनी वेगळे मूल्य दाखवते.

जपाननेही एके काळी मोठा सुंदर प्रयोग केला होता. ‘मीटर’साठी उच्चारसाम्यावरून तांदळाचे चिन्ह घेतले आणि त्याला हजाराचे चिन्ह जोडून किलोमीटरसाठी एकच नवे अक्षर घडवले; सेंटीमीटर आणि मिलीमीटर यांनाही अशीच एकेक अक्षरे मिळाली. आज मात्र तेथे ‘किरो’, ‘सेंची’, ‘मिरी’ असे उच्चाराप्रमाणे लिहिण्याचीच रीत आहे.

आपल्या परंपरेत आणखी एक अडचण आहे. सहस्रानंतर आपले व्यवहार लक्ष, कोटी, अब्ज असे शंभराच्या पटीने चालतात, तर किलोनंतरचे उपसर्ग हजाराच्या पटीने चालतात. मेगा म्हणजे दहा लक्ष आणि गिगा म्हणजे एक अब्ज येथपर्यंत जमते, पण कोटीला जुळणारा उपसर्ग नाही, आणि दहाच्या बाराव्या घाताला ‘लीलावती’प्रमाणे ‘महापद्म’ म्हणायचे तर वाचकाला आधी ती संज्ञा समजवावी लागेल. भारताने १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्यात आंतरराष्ट्रीय नावेच स्वीकारली आणि आज मीटर, किलो, लिटर हे शब्द गंगावेशीतल्या भाजीवालीपासून विद्यापीठापर्यंत सर्वांचे झाले आहेत. हे शब्द मराठीच मानावेत आणि मराठी शब्दांसारखेच लिहावेत, असे माझे मत आहे.

शिरोलीकर यांचा प्रतिसाद

मी शिरोलीतील एका फाउंड्रीच्या तपासणी विभागात काम करतो. भाषेच्या बाजूवर मला अधिकार नाही. परंतु नाव आणि चिन्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तिकेत ठळकपणे यावे अशी कळकळीची विनंती आहे.

‘किलोमीटर’ हे नाव आहे. रोमन लहान ‘के’ आणि लहान ‘एम’ हे त्याचे चिन्ह आहे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चिन्ह म्हणजे संक्षेप नव्हे. त्याच्यापुढे पूर्णविराम येत नाही, त्याचे अनेकवचन होत नाही, आणि लहान-मोठ्या अक्षरांत बदल केला तर अर्थ बदलतो. लहान ‘एम’ म्हणजे मिली आणि मोठा ‘एम’ म्हणजे मेगा. दोघांत एक अब्ज पटींचा फरक आहे. किलोचा ‘के’ लहानच असला पाहिजे, कारण मोठा ‘के’ तापमानाच्या केल्विनला दिलेला आहे. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगवर आणि गाड्यांच्या पाट्यांवर मोठा ‘के’ सर्रास दिसतो. नव्या मुलांनी तरी तो शिकू नये.

दुसरी गोष्ट, ‘मायक्रॉन’. यंत्रशाळेत सर्वजण ‘दहा मायक्रॉन’ असेच म्हणतात आणि पुढेही म्हणतील. परंतु हे एकक म्हणून १९६७-६८ च्या परिषदेत रद्द झाले आहे. लेखी नाव ‘मायक्रोमीटर’ आहे. येथे मात्र एक घोटाळा होतो: मोजण्याच्या उपकरणालाही आपण ‘मायक्रोमीटर’च म्हणतो. इंग्रजीत काही ठिकाणी शेवटची दोन अक्षरे उलट लिहून फरक करतात, मराठीत तशी सोय नाही. म्हणून उपकरणासाठी ‘मायक्रोमीटर स्क्रूगेज’ आणि एककासाठी नुसते ‘मायक्रोमीटर’, पहिल्या उल्लेखात कंसात ‘मायक्रॉन’, असे मी सुचवतो.

तसेच उपसर्गावर उपसर्ग चढवू नये, हाही नियम सांगावा. जुन्या पुस्तकांत ‘मिलीमायक्रॉन’ किंवा ‘मायक्रोमायक्रोफॅरड’ आढळतात. त्यांची जागा आता नॅनोमीटर आणि पिकोफॅरड यांनी घेतली आहे. आणि नाव पूर्ण लिहिताना उपसर्ग व एकक यांच्यामध्ये जागा सोडू नये. ‘किलो मीटर’ हे चूक, ‘किलोमीटर’ हे बरोबर.

करवीरवाचक यांचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. शिरोलीकर साहेब, तुमच्या म्हणण्यावरून एक नवा प्रश्न निर्माण झाला. चिन्हे जर बदलायची नसतील, तर मराठी पाठ्यपुस्तकांत सर्रास येणाऱ्या ‘किमी’, ‘सेमी’, ‘मिमी’, ‘किग्रॅ’ यांचे काय करायचे? ती चिन्हे समजायची की संक्षेप? आणि लेखकांची इच्छा आहे की पुस्तिकेच्या शेवटच्या तक्त्यात सर्व उपसर्गांची देवनागरी लघुरूपे द्यावीत. तसे करावे का?

मूळशोध यांचे उत्तर

येथे इतर भाषांचा अनुभव उपयोगी पडतो, म्हणून तुमच्या पहिल्या चौकशीतील दुसरा प्रश्नही आताच घेतो.

नावांच्या बाबतीत प्रत्येक भाषेने स्वतःचे लेखन वापरले आहे आणि त्यात कोणालाही गैर वाटत नाही. जर्मन लोक सेंटीमीटर ‘त्सेंटीमेटर’ असा उच्चारतात आणि रोमन ‘झेड’ने सुरू करतात. स्पॅनिश, पोर्तुगीज आणि पोलिश भाषांत ‘मिली’मध्ये एकच ‘ल’ लिहितात, फ्रेंच आणि इटालियनमध्ये दोन. पोर्तुगीजमध्ये ‘किलो’ ‘क्यू’ आणि ‘यू’ या अक्षरांनी लिहितात, कारण ‘के’ हे अक्षर त्यांच्या वर्णमालेत दीर्घकाळ नव्हते. इटालियनमध्ये तोच शब्द ‘सी’ आणि ‘एच’ने लिहिला जातो, तो पाहून ग्रीक ‘ख’ परत आल्यासारखा वाटतो, पण ती केवळ इटालियनमध्ये ‘कि’ लिहिण्याची नेहमीची रीत आहे. रशियनमध्ये ‘ह’ नसल्याने ‘हेक्टो’चा ‘गेक्टो’ झाला. ‘डेका’ अमेरिकेत ‘के’ने आणि आंतरराष्ट्रीय इंग्रजी लेखनात ‘सी’ने लिहितात, मराठीत हा वादच उद्भवत नाही, कारण आपण उच्चार लिहितो.

सर्वांत रंजक वाट ग्रीकांची आहे. त्यांनी फ्रेंचांनी घडवलेला ‘किलो’ अधिकृत नावात घेतलाच नाही; किलोमीटरला ते आपल्या मूळ शब्दाने ‘खिलिओमेत्रो’ असेच लिहितात, सेंटीमीटरसाठी लॅटिन सोडून ‘शंभरावा भाग’ या अर्थाचा ग्रीक शब्द वापरतात; मात्र बाजारात वजन मागताना ‘किलो’ म्हणतात, तो साध्या ‘क’ने. म्हणजे ज्यांचा शब्द होता त्यांच्याकडे तो परदेशातून फिरून, महाप्राण गमावून परत आला. नुसता ‘किलो’ म्हटल्यावर किलोग्रॅम समजणे ही सवय आपल्याप्रमाणे अनेक देशांत आहे. ऑस्ट्रिया आणि हंगेरीत दुकानात ‘दहा डेका’ मागतात, इटलीत ‘एक एत्तो’ मागतात, आणि दोघांनाही शंभर ग्रॅमच मिळतात.

इतकी विविधता असूनही जर्मन ‘त्सेंटी’चे चिन्ह ‘सी’च राहते आणि पोर्तुगीज ‘किलो’चे चिन्ह ‘के’च राहते. नाव भाषेचे, चिन्ह सर्वांचे. रशियन लोक मात्र चिन्हेही आपल्या लिपीत लिहितात, आणि त्यांना ते जमते, कारण त्यांच्या लिपीत लहान आणि मोठी अक्षरे आहेत.

देवनागरीत ती नाहीत, आणि तक्त्याची खरी अडचण तेथेच आहे. आपण स्वरचिन्हांनी फरक करू पाहिला तर सुरुवातीला जमते: मेगासाठी ‘मे’ आणि मिलीसाठी ‘मि’, पेटासाठी ‘पे’ आणि पिकोसाठी ‘पि’. पण झेटा आणि झेप्टो दोघेही ‘झे’, योटा आणि योक्टो दोघेही ‘यो’, रोना आणि रोंटो दोघेही ‘रो’, क्वेटा आणि क्वेक्टो दोघेही ‘क्वे’. डेका आणि डेसी यांचा ‘डे’ तर शाळेतच गोंधळ घालतो. शिवाय ‘मि.’ म्हणजे मिली की मिनिट, ‘से.’ म्हणजे सेंटी, सेकंद की सेल्सिअस? यंत्रशाळेत अशी शंका निर्माण झाली तर माल नाकारला जाईल. औषधाच्या मात्रेत झाली तर त्याहून वाईट. हस्तलिखित चिठ्ठीवरचा मायक्रोचा ग्रीक ‘म्यू’ मिलीच्या ‘एम’सारखा वाचला गेला तर मात्रा हजार पटींनी चुकते, म्हणून औषधयोजनेत मायक्रोग्रॅमसाठी ते चिन्ह टाळण्याची सूचना केली जाते. देवनागरीत ‘मिग्रॅ’ आणि ‘मायग्रॅ’ अशी जोडी नव्याने तयार करणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून माझे मत असे आहे: ‘किमी’, ‘मी’, ‘सेमी’, ‘मिमी’, ‘किग्रॅ’, ‘ग्रॅ’, ‘मिग्रॅ’, ‘मिलि’ एवढी रूढ लघुरूपे, मध्ये पूर्णविराम न देता, वाक्यांत खुशाल वापरावीत, कारण मराठी वाचकाला ती शब्दांसारखीच परिचित आहेत. बाकी सर्व ठिकाणी एक तर नाव पूर्ण देवनागरीत लिहावे, नाही तर आंतरराष्ट्रीय रोमन चिन्ह द्यावे. तक्त्यात नाव देवनागरी आणि चिन्ह रोमन असे दोनच स्तंभ ठेवावेत.

आता ऱ्हस्व-दीर्घाचे. १९६२ च्या आणि पुढे १९७२ साली पूर्ण झालेल्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहितात, आणि शेवटचे अक्षर दीर्घ स्वराचे असेल तर त्याआधीचा इकार ऱ्हस्व होतो. ‘किडा’, ‘मिठी’, ‘विळा’ यांप्रमाणे. त्यावरून ‘मिली’, ‘सेंटी’, ‘डेसी’, ‘गिगा’, ‘पिको’, ‘किलो’ ही रूपे सरळ निघतात आणि ‘गीगा’ बाद होतो. मग ‘मिलिमीटर’ कोठून येतो? ‘बुद्धिवैभव’, ‘कविराज’ यांत पूर्वपदाचा शेवट ऱ्हस्व राहतो, त्या सवयीने. परंतु ती सवलत संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांपुरती आहे. ‘पाणीपुरवठा’मध्ये आपण ‘पाणि’ लिहीत नाही. मिली हा तत्सम शब्द नाही. त्यामुळे ‘मिलीमीटर’, ‘सेंटीमीटर’, ‘डेसीमीटर’ हेच मी योग्य मानतो. वर दिलेल्या यादीतील ‘मिलि’ हे लघुरूप मिली आणि लिटर यांची आद्याक्षरे जोडून झाले आहे, उपसर्गाचे लेखन म्हणून नव्हे. मुले गोंधळतील असे वाटल्यास तेथे ‘मिलीलिटर’ पूर्ण लिहावे.

लॅटिनमधला किंवा इंग्रजीतला जोड व्यंजनाचा ठसा मराठीत आणू नये. ‘मिल्ली’ आपण म्हणत नाही, तसे ‘योट्टा’ आणि ‘रोन्ना’ही लिहायची गरज नाही. ‘नॅनो’, ‘मायक्रो’ आणि ‘ग्रॅम’ यांचे उच्चार इंग्रजीमार्गे मराठीत स्थिर झाले आहेत. ‘नानो’, ‘मिक्रो’ आणि ‘ग्राम’ करून त्यांना मुळाकडे नेण्यात काही साधणार नाही.

आणखी एक खूण मुलांना सांगता येईल. मेगापासून वरचे सर्व उपसर्ग ‘आ’कारान्त आहेत आणि मायक्रोपासून खालचे सर्व ‘ओ’कारान्त. हे जाणूनबुजून पाळलेले आहे. त्यामुळे झेटा-झेप्टो किंवा योटा-योक्टो यांत कोण मोठा आणि कोण लहान, हे शेवटच्या स्वरावरून कळते. झेटाला ‘झ’ आणि योटाला ‘य’ का लागला, याचेही कारण नोंदलेले आहे: सातच्या शब्दातला ‘एस’ सेकंदाचे चिन्ह म्हणून आधीच वापरात होता, आणि आठच्या शब्दातला ‘ओ’ शून्यासारखा दिसतो.

बंधारा यांचा प्रतिसाद

चर्चा उशिरा वाचली. पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य गेल्यामुळे दोन मुद्दे मांडावेसे वाटतात.

पहिला ‘हेक्टर’चा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत असते. शंभर चौरस मीटरचा एक आर, आणि शंभर आरांचा एक हेक्टर. हा शब्द म्हणजे हेक्टो आणि आर यांची जोडणी आहे. दोन स्वर शेजारी आले म्हणून ‘ओ’ गळला. आपला गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा असल्याने आराच्या इतका जवळ आहे, की गावाकडे दोन्ही शब्द एकाच अर्थाने बोलले जातात. मुलांना हेक्टो हा उपसर्ग कोठेच भेटत नाही असे शिक्षक म्हणतात, तेव्हा त्यांनी घरातला सातबारा दाखवावा. हवामान खात्याच्या पत्रकातील हेक्टोपास्कलमध्येही तो आहेच.

दुसरा मुद्दा धरणांच्या साठ्याचा. पावसाळ्यात राधानगरीचा साठा टीएमसीत सांगतात, म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आणि राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटांत. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे कोल्हापुरात लहान मुलालाही माहीत असते. परंतु खात्याच्या कागदांवर साठा ‘दलघमी’त असतो: दशलक्ष घनमीटर. मायमराठी ताईंना हवा तसा संपूर्ण मराठी मापशब्द येथे कित्येक वर्षे विनातक्रार चालू आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दलघमी, त्यामुळे ८.३६ टीएमसीचे राधानगरी जवळपास २३७ दलघमीचे होते.

स्पेनमध्ये हाच साठा घन हेक्टोमीटरमध्ये सांगतात, आणि एक घन हेक्टोमीटर म्हणजे बरोबर एक दलघमी. याचे कारण पुस्तिकेत जरूर यावे, कारण येथे शिकलेले लोकही चुकतात: घात उपसर्गासकट पूर्ण एककाला लागतो. हेक्टोमीटर म्हणजे शंभर मीटर, म्हणून त्याचा घन म्हणजे शंभर घनमीटर नव्हे, तर शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजेच दहा लाख घनमीटर. घन सेंटीमीटर आणि चौरस मिलीमीटर यांनाही हेच लागू आहे.

मायमराठी यांचा प्रतिसाद

बंधारा काका, ‘दलघमी’चे उदाहरण फार आवडले. मूळशोध सरांचा हजाराच्या पटीचा मुद्दाही पटला. ‘दशलक्ष’ येथे टिकला तो उपसर्ग म्हणून नव्हे, तर साधी संख्या म्हणून एककाच्या आधी उभा राहिल्यामुळे, असे मला वाटते. त्या मार्गाने ‘लक्ष घनमीटर’, ‘कोटी लिटर’ असे लिहायला कोणताही उपसर्ग आड येत नाही.

करवीरवाचक यांचा प्रतिसाद

लेखकांशी आज बोललो. ‘मिलीमीटर’, ‘सेंटीमीटर’, ‘गिगा’, ‘नॅनो’ आणि ‘मायक्रो’ ही रूपे त्यांनी मान्य केली. तक्त्यातील देवनागरी लघुरूपांचा स्तंभ काढून टाकतो आहोत. घनमापाचा परिच्छेद आणि पंच ते दश या क्रमाचा परिच्छेद ते स्वतः नव्याने लिहून देणार आहेत. मिलीलिटर सर्वत्र पूर्ण लिहिला जाईल.

शिरोलीकर यांचा प्रतिसाद

उत्तम. छपाईच्या दृष्टीने एक सावधगिरी तेवढी बाळगा. पानाची जुळणी जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये होणार असेल, तर रोमन ‘एम’, ‘के’ ही चिन्हे त्या फाँटमध्ये गेल्याबरोबर भलतीच देवनागरी अक्षरे होऊन बसतात, आणि ग्रीक ‘म्यू’ तर कधी कधी पानावरून नाहीसाच होतो. आमच्याकडे आलेल्या एका तपासणी-पत्रकात तसे झाले होते, आणि मायक्रोमीटरची सहनमर्यादा, म्हणजे मापात चालणारा फरक, नुसत्या मीटरमध्ये छापली गेली होती. शेवटच्या मुद्रितावर प्रत्येक आकड्यापुढचे चिन्ह मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहा, आणि शक्य असेल तर आकृत्यांखालच्या ओळी यंत्रशाळेतल्या एखाद्या माणसाकडून वाचून घ्या. मला पाठवल्यात तर मी आनंदाने वाचून देईन.